भ्रमणध्वनीवरचा ‘ळ’

२०१६ नंतर इंटरनेटचे दर झपाट्याने उतरले आणि भ्रमणध्वनी मुलांच्याही हाती आला. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील मराठी कुटुंबांना त्याचा लाभ झाला. पुण्याच्या मावशीची खुशाली आता क्षणात कळते. मात्र त्या निरोपांची लिपी पाहिली म्हणजे मन साशंक होते. आपली मुले मराठी बोलतात, पण लिहितात ती रोमन अक्षरांत.

त्यात बिघडले काय, असे कोणी विचारील. या लेखनात ‘ल’ आणि ‘ळ’ यांना एकच अक्षर योजतात. ‘अ’ आणि ‘आ’ यांचीही तीच गत. परिणामी ‘मला’, ‘माला’, ‘मळा’ आणि ‘माळा’ हे चारही शब्द एकाच वेषात उभे राहतात. महाराष्ट्रातील मुलाला खरे रूप शाळेत व दुकानांच्या पाट्यांवर भेटत असते. इंदूर-ग्वाल्हेरकडे ती सोय नाही. प्रमाण हिंदीत तर ‘ळ’ वापरलाच जात नाही. जे अक्षर डोळ्यांना दिसत नाही, ते हळूहळू जिभेवरूनही उतरते.

दोष यंत्राचा नव्हे. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीच्या १९९१ मधील पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले. तीत ‘ळ’ला स्वतंत्र क्रमांक आहे. भ्रमणध्वनीवर मराठी कळफलकही विनामूल्य मिळतो. उणीव आहे ती सवयीची. निदान आजी-आजोबांना धाडायचा निरोप तरी देवनागरीत लिहावा, एवढा नेम पालकांनी घरात घालून द्यावा. प्रथम स्वतः पाळावा, म्हणजे मुलेही पाळतील.