चवदार तळे: दाव्याच्या कागदातून

महाड म्हटले की चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचा २० मार्च १९२७ आणि मनुस्मृतिदहनाचा त्याच वर्षीचा २५ डिसेंबर, या दोन तारखा आपल्याला पाठ असतात. त्याच वर्षी सुरू होऊन नऊ वर्षांहून अधिक काळ चाललेला दिवाणी दावा मात्र बहुतेक ठिकाणी दोन-तीन ओळींत उरकला जातो. नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर, असा तो दावा. पाणी हा माणसाचा हक्क आहे असे आज आपण सहज म्हणतो. त्या म्हणण्याला कायद्याचा टेकू किती, हे तपासायचे तर या दाव्याच्या निकालापाशी यावे लागते.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा कायदे कौन्सिलमधला ठराव ऑगस्ट १९२३चा. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केले, कागदावर. १९२७ मध्ये अस्पृश्यांनी प्रत्यक्ष तिथले पाणी प्यायल्यावर आधी तळ्याची ‘शुद्धी’ झाली, आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने स्वतःचाच ठराव मागे घेतला. १२ डिसेंबरला सवर्णांचा दावा दाखल झाला, दोनच दिवसांत तात्पुरता मनाईहुकूमही निघाला. पुढे महाडच्या कोर्टात १९३१ मध्ये, ठाण्याच्या अपिलात १९३३ मध्ये आणि शेवटी १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात वादी हरले.

उच्च न्यायालयाचा निकाल ब्रूमफील्ड यांचा. १९२२ मध्ये गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे तेच न्यायाधीश. त्यांनी केलेले तळ्याचे वर्णन एखाद्या मोजणीदाराने करावे तसे आहे. चार-पाच एकरांचे तळे, निदान अडीचशे वर्षांचे. चहूबाजूंनी नगरपालिकेचे रस्ते, रस्त्यांपलीकडे सवर्णांची आणि थोड्या मुसलमानांची घरे, काठावर अनेक घरमालकांच्या जागा, घाट आणि पायऱ्या. आसपास अस्पृश्यांचे एकही घर नाही. अस्पृश्यांना दूर ठेवण्याची वहिवाट अनादि काळापासून आहे, हे वादींचे म्हणणे. ती वहिवाट सिद्ध झाली नाही, एवढ्यावर न्यायालयाने अपील फेटाळले. सिद्ध झाली असती, तर ती अवाजवी किंवा सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे का, आणि तळे नगरपालिकेकडे निहित असल्याचा परिणाम काय, हे पाहावे लागले असते, असे म्हणून निकाल थांबतो. तहान हा शब्द त्याच्या तर्कात कुठेच बसत नाही. वादींच्या हाती आणखी जुना, भक्कम पुरावा असता तर? विजय खराच, पण तो पुराव्याच्या भारावर मिळालेला होता. माणूस आहे म्हणून पाणी, हे तत्त्व तिथे मांडलेच गेले नाही.

संविधानाच्या कलम १५(२) मध्ये विहिरी, तळी, स्नानघाट आले. पण तिथेही अट आहे ती पूर्णतः किंवा अंशतः सरकारी पैशातून राखलेल्या किंवा लोकांच्या वापराला अर्पण केलेल्या जागांची. कलम १७ ने अस्पृश्यता संपवली, हे मोठेच काम. तरी पाण्याचा प्रश्न ‘जागा कोणाची’ यालाच बांधलेला राहिला, आणि तो पुन्हा उगवला मुंबईच्या झोपडपट्टीत. ठरावीक तारखेनंतरच्या झोपडीला नळजोडणी नाही, हा नियम म्हणजे मालकीच्या कागदावरून तहान मोजणे होते. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१४ रोजी हा धागा तोडला: पाणी कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कात येते, झोपडी बेकायदा असली तरी.

यावर आक्षेप ठरलेला आहे: पाणी दिले की अतिक्रमण पक्के होते. निकालाने तो आधीच ओळखला होता. पाणी मिळाल्याने बांधकाम कायदेशीर ठरत नाही, आणि अधिकृत घरांइतकाच हक्क अनधिकृतांना सांगता येत नाही, असे त्यात स्पष्ट आहे; जादा दर लावण्याची मुभाही आहे. त्यामुळे हक्क म्हणजे फुकटचे पाणी, ही ओरडही निराधार ठरते. संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २००२ मध्ये ‘परवडणारे’ पाणी म्हटले होते, मोफत नव्हे. २८ जुलै २०१० रोजी आमसभेने पाणी आणि स्वच्छतेची सोय दोन्हींना मानवी हक्क मानले, तेव्हा १२२ देशांचे मत बाजूने पडले, त्यात भारतही होता. ही जोडी योग्यच आहे. नळ नसलेल्या वस्तीत शौचालय बांधून त्याला टाळे लागते, हे कोणत्याही पालिकेला माहीत असते.

आमसभेच्या ठरावाने कोणाच्या दारात नळ येत नाही, हा दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. त्याचे उत्तर महाडमध्येच आहे. नगरपालिकेने ठराव मागे घेतला, तरी सवर्णांना तळे आपले म्हणता आले नाही. कारण नगरपालिका कायद्याने ते नगरपालिकेकडे निहित होते आणि तो कायदा मागे घेणे तिच्या हातात नव्हते. याउलट, मुंबई महापालिकेने सर्वांना पाणी देण्याचे धोरण आणले ते मे २०२२ मध्ये, २०१४च्या निकालानंतर सात वर्षांहून अधिक काळाने. पण धोरण म्हणजे ठरावच. ज्या पालिकेने केले, ती ते रद्दही करू शकते. पाण्याच्या हक्काचा स्वतंत्र कायदा संसदेने अजून केलेला नाही.