जलसंजीवनीचे गुपित पेशीच्या दारात

जुलाबांनी गळून गेलेल्या मुलाला आई मीठ-साखरेचे पाणी पाजते. मीठ शरीरातून गेलेले क्षार भरून काढण्यासाठी आणि साखर चवीसाठी, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ही साखर पेशीचे दार उघडण्यासाठी असते. हे दार असते पेशीपटलात.

शरीरातील प्रत्येक पेशीभोवती हे पटल असते. त्याची जाडी अवघी ७ ते ८ नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही कमी. फॉस्फोलिपिड या मेदाच्या रेणूंचा दुहेरी थर हा त्याचा पाया होय. या रेणूंचे डोके पाण्याकडे ओढ घेते, तर शेपट्या पाण्यापासून दूर, थराच्या आतल्या बाजूला राहतात. या थरात प्रथिने तरंगत असतात. सिंगर आणि निकोल्सन या शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये पेशीपटलाचे हे प्रवाही चित्र मांडले.

प्राणवायू या थरातून सहज आरपार जातो. मिठातील सोडियम आणि साखर यांना मात्र मज्जाव असतो. त्यांच्यासाठी प्रथिनांची खास दारे लागतात. आतड्याच्या पेशींतील असेच एक दार ग्लुकोजचा एक रेणू आणि सोडियमचे दोन आयन यांना एकत्रच आत घेते. दोघांपैकी एक नसेल, तर दुसऱ्यालाही या वाटेने प्रवेश नाही. पेशीच्या मागील बाजूचा पंप सोडियम सतत रक्ताकडे ढकलत राहतो. सोडियम आणि साखरेपाठोपाठ पाणीही रक्तात शोषले जाते. साखर व सोडियमची ही जोडी रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्रागमधील परिषदेत मांडली.

पटकीचे विष आतड्याच्या पेशींतील क्लोराइडची दारे उघडी ठेवते. त्यामुळे क्षार आणि पाणी आतड्यात वाहून जाते आणि काही तासांतच रुग्ण दगावू शकतो. मात्र साखर-सोडियमचे दार या विषाने बंद होत नाही. जलसंजीवनीची सारी भिस्त त्यावरच आहे.

याची कसोटी १९७१ मध्ये लागली. बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या काळात पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांमध्ये पटकीची साथ पसरली. शिरेतून देण्याचे सलाइन अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे द्रावण रुग्णांना तोंडाने देण्याचा निर्णय घेतला. सुमारे ३० टक्क्यांवर गेलेला मृत्युदर त्यांच्या रुग्णांत ४ टक्क्यांच्या खाली आला. २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

या उपायात प्रमाणाला महत्त्व आहे. साखर जास्त झाली, तर ती आतड्यातच उरून उलट पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात. म्हणूनच गोड शीतपेये हा जलसंजीवनीला पर्याय नव्हे. पोटॅशियमही असलेले तयार पाकीट सर्वांत उत्तम. ते नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. मूल सुस्त पडले किंवा पाणी पिईनासे झाले, तर मात्र विनाविलंब रुग्णालय गाठावे.