वाट बंद होण्यापूर्वीची देखभाल

वर्धा खोऱ्यातील माजरी हे कोळसा खाणींचे गाव दिल्ली-चेन्नई लोहमार्गावर आहे. तेथे यंत्र बिघडल्यास सुटा भाग व कारागीर बारमाही पोचू शकतात. १९८२ पर्यंत चंद्रपूर जिल्ह्यातच असलेल्या भामरागडची स्थिती निराळी आहे. इंद्रावती, पर्लकोटा व पामुलगौतमी यांच्या संगमालगतच्या या भागात पूर आला, की अनेक गावांचा संपर्क तुटतो.

गडचिरोलीच्या अशा दुर्गम गावांना सौर ऊर्जेवरील दुहेरी पंप योजना उपयुक्त ठरली आहे. एकाच विंधन विहिरीवर हातपंप व सौर पंप बसविलेले असतात. सौर पंपाने टाकीत चढविलेले पाणी नळाद्वारे मिळते. परंतु पुराच्या दिवसांत एखादी जोडणी निकामी झाली आणि हातपंपही नादुरुस्त असला, तर गावाला नाल्याच्या गढूळ पाण्यावर अवलंबून राहावे लागते. अतिसाराचा धोका तेथूनच सुरू होतो.

समुद्रातील पवनचक्क्यांपुढेही हाच प्रश्न असतो. जगातील असा पहिला प्रकल्प डेन्मार्कमधील विंडेबी येथे १९९१ मध्ये ११ चक्क्यांनिशी सुरू झाला. लाटा सुमारे दीड मीटरहून उंच असल्यास लहान नौकेतून चक्कीवर चढणे धोक्याचे ठरते. म्हणून नियोजित कामे शांत ऋतूत उरकली जातात आणि आवश्यक सुटे भाग आधीच सज्ज ठेवले जातात. बिघाडाची वेळ माणसाच्या हाती नसते. तपासणीची वेळ मात्र त्याला निवडता येते.

ग्रामपंचायतींनी हेच सूत्र अंगीकारणे हिताचे आहे. मे महिन्यातच सौर पट्ट्यांवरील धूळ पुसावी, सावली पाडणाऱ्या फांद्या छाटाव्यात, टाकी धुवावी. पट्ट्यांचे नटबोल्ट आवळावेत. वीजजोडण्या व वीजरोधकाची भूजोडणी जाणत्या कारागिराकडून तपासून घ्यावी. हातपंपाचे वॉशर व सौर पंपाचे फ्यूज गावातच साठवावेत. गावातील दोघांना प्राथमिक दुरुस्ती शिकवावी; एक अनुपस्थित असला तरी काम अडणार नाही. प्रत्येक कामाची तारीख नोंदवहीत लिहावी आणि खर्चाची तरतूद ग्रामपंचायत विकास आराखड्यात करावी.

योजनेच्या उद्घाटनाने पाणी एकदा येते; ते भर पावसाळ्यातही येत राहावे, यासाठी वाट खुली असतानाच केलेली देखभाल आवश्यक आहे.