म्हाताऱ्या पॉमचा खोकला : आधी श्वास मोजा

‘म्हातारं झालंय, खोकणारच की!’ घरातला पॉम नऊ-दहा वर्षांचा झाला आणि रात्री-अपरात्री त्याला ढास लागू लागली, की आपल्याकडे हे वाक्य हमखास ऐकू येते. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या गल्ल्यांत फाटकाआडून भुंकणारा पांढरा झुबकेदार पॉम काही नवा नाही. (आपण सरसकट ज्याला पॉमेरियन म्हणतो तो पुष्कळदा इंडियन स्पिट्झ असतो, हा भाग वेगळा.) २००३ साली हचच्या जाहिरातीत तो चिमुकला पग मुलामागून धावला आणि मग पगही घरोघरी दिसू लागले. लहान जातीची कुत्री मोठ्या जातींपेक्षा जास्त जगतात. १२ ते १४ वर्षे सहज काढतात. म्हणजे त्यांचे म्हातारपणही तितकेच लांबते. पण म्हातारपण हा रोग नव्हे. खोकल्याला कारण असते, आणि ते बहुतेक वेळा सापडते.

मी डॉक्टर नाही. घरात एक म्हातारी पॉम आहे. तिच्यापायी जनावरांच्या दवाखान्यातल्या बाकावर बसून जे ऐकले, विचारले आणि वहीत टिपून ठेवले, ते तुमच्यापुढे ठेवते आहे.

शब्द एक, आजार अनेक

आमची चिंगी २०१३ सालची. २०२३ च्या दिवाळीच्या सुमारास तिला ढास लागू लागली. सासूबाई म्हणाल्या, ‘तिला दम लागतोय गं.’ शेजारच्या अक्का कुंपणावरून म्हणाल्या, ‘दम्मु बंदैति नोड्री.’ दम काय आणि दम्मु काय, दोन्ही भाषांत शब्द जवळजवळ एकच, आणि घोटाळाही एकच. कारण दम किंवा खोकला हे आजाराचे नाव नाही, ती नुसती खूण आहे. एकाच खुणेमागे चार वेगवेगळे आजार असू शकतात आणि प्रत्येकाचे औषध निराळे.

दवाखान्यात डॉक्टरांनी सुरुवात केली तीही याच प्रश्नाने. ‘केम्मु यावागिंद? रात्री जास्त की दिवसा? झोपेतून उठवतो का? पाणी प्यायल्यावर येतो का?’ सासूबाई मराठीत सांगत होत्या, ते अर्धे कन्नडात विचारत होते, आणि दोघांचे छान जमले. डॉक्टर म्हणाले, अर्धे निदान घरच्या माणसाच्या डोळ्यांनीच होते.

म्हाताऱ्या लहान कुत्र्यात दोन कारणे मुख्य असतात. पहिले श्वासनलिकेचे. ही नळी कूर्चेच्या कड्यांची बनलेली असते. कड्या पूर्ण गोल नसतात, इंग्रजी ‘सी’ अक्षरासारख्या असतात आणि त्यांची मोकळी बाजू एका पातळ पडद्याने बंद झालेली असते. पॉम, यॉर्कशायर टेरियर, चिवावा, टॉय पूडल अशा जातींत या कड्या मऊ पडतात आणि पाण्याचा जुना पाइप चपटा व्हावा तशी नळी चपटी होते. अशा कुत्र्याचा खोकला कोरडा असतो आणि हंस ओरडल्यासारखा कर्कश वाजतो. दारावरची बेल वाजली, पोस्टमन आला, गळ्यातला पट्टा ओढला गेला, ऊन वाढले, घटाघट पाणी प्याले, की ढास सुरू. शांत झोपलेले असताना मात्र श्वास बहुधा व्यवस्थित चालतो.

दुसरे कारण हृदयाचे. डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमध्ये एक झडप असते. लहान जातीच्या कुत्र्यांत वयाबरोबर ती जाड आणि वेडीवाकडी होते, नीट मिटत नाही, आणि थोडे रक्त उलटे फिरते. कुत्र्यांच्या हृदयविकारांपैकी सुमारे पाऊण हिस्सा याच एका आजाराचा असतो. वर्षानुवर्षे कुत्र्याला त्याचा काहीच त्रास नसतो. डॉक्टरांना नळीतून फक्त एक ‘फुस्स’ असा आवाज ऐकू येतो. पुढे हृदय मोठे होऊ लागते आणि शेवटी फुप्फुसात पाणी साठते. तेव्हा श्वास झोपेतही जलद चालतो.

याखेरीज श्वासनलिकांची जुनाट सूज असते. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यात नाकपुड्या अरुंद आणि टाळूचा मागचा भाग लांब, म्हणून घोरणे आणि धाप. शिवाय आपल्या भागात विसरू नये असे एक कारण म्हणजे गोचीड. गोचिडीच्या तापात रक्त कमी होते, हिरड्या पांढऱ्या पडतात, आणि फुप्फुस निरोगी असूनही कुत्रे धापा टाकते. तिथे खोकल्याचे औषध देऊन काय उपयोग?

श्वास कसा मोजायचा?

सगळ्यांत मोलाची तपासणी घरीच होते आणि तिला एक पैसाही लागत नाही. कुत्रे गाढ झोपलेले असताना त्याच्या बरगड्यांकडे पाहा. छाती वर जाऊन खाली आली की एक श्वास. अर्धा मिनिट मोजा आणि दुप्पट करा. स्वप्नात पाय हलवत असेल, नुकतेच पळून आले असेल किंवा खोली तापलेली असेल, तर तेव्हा मोजू नका. मिनिटाला साधारण १५ ते ३० हे ठीक. सलग दोन-तीनदा ३० च्या वर गेले, तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. आकडा ३० च्या आत असूनही नेहमीपेक्षा चढत चालला असेल, तर तेही सांगा.

आमच्याकडे हे काम सासूबाईंनी घेतले. चिंगी त्यांच्याच कॉटखाली झोपते. नातू मोबाइलवर अर्ध्या मिनिटाची घंटा लावतो आणि त्या जपमाळ हातात घेऊन एका श्वासाला एक मणी सरकवतात. आकडा कालनिर्णयच्या त्या तारखेच्या चौकटीत. ‘देवाचंच काम आहे हेही,’ असे त्यांचे म्हणणे.

दवाखान्यातल्या तपासण्या

डॉक्टरांनी चिंगीची छाती ऐकली, हिरड्यांचा रंग पाहिला, घशाखाली नळीवर बोट हलकेच दाबले. त्याबरोबर ढास आली. हृदयात ‘फुस्स’ आवाजही होता. आमची समजूत झाली की हृदयच बिघडले. डॉक्टर म्हणाले, ‘आवाज आहे म्हणजे खोकला त्याचाच, असं नसतं. एक्स-रे बघूया.’

एक्स-रेमध्ये हृदयाची लांबी-रुंदी पाठीच्या मणक्यांच्या मापाने मोजतात. सर्वसाधारण कुत्र्यात ती बेरीज साडेदहा मणक्यांच्या आत असते. चिंगीची १०.२ होती. म्हणजे हृदय मोठे नव्हते, मात्र मानेतली श्वासनलिका अरुंद दिसत होती. झडप गळत होती हे खरे, पण खोकला नळीचा होता. म्हणून हृदयाची एकही गोळी सुरू केली नाही. नळीच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ती श्वासागणिक कमी-जास्त चपटते, त्यामुळे एका एक्स-रेत काही दिसले नाही म्हणून आजार नाही असे होत नाही. संशय उरला तर दुर्बीण घालून किंवा हलत्या एक्स-रेवर पाहतात. हृदयासाठी सोनोग्राफीसारखी ‘एको’ तपासणी असते. या सोयी प्रत्येक गावच्या ‘दनद दवाखाने’त नसतात. आपल्या सीमाभागातल्या माणसाने कोल्हापूर-पुण्याकडे जावे की धारवाड-बंगळूरकडे, हे अंतर आणि ओळख पाहून ठरवावे. जाण्याआधी फोन करून सोय आहे का आणि खर्च किती, हे दोन्ही विचारावे. धापा टाकणाऱ्या कुत्र्याला मात्र एक्स-रेसाठी दाबून धरू नये. आधी प्राणवायू, मग फोटो, हा क्रम चांगले डॉक्टर पाळतात.

औषध आणि पथ्य

नळीच्या खोकल्यावर डॉक्टरांनी खोकला दाबणारे औषध आणि सूज उतरायला थोडे दिवस स्टेरॉइड दिले. काहींना नळ्या रुंदावणारे औषधही देतात. खूपच चपटलेल्या नळीत जाळीचा स्टेंट बसवतात, पण तो शेवटचा उपाय. गुण आला तो मात्र पथ्याने. गळ्यातला पट्टा काढून छातीवरचा पट्टा आणला. वजन साडेसात किलोवरून हळूहळू सहावर आणले. दूध-भात, तुपाची पोळी आणि पाहुण्यांच्या हातचा कुंदा बंद. याबद्दल घरात दोन दिवस अबोला होता, पण चिंगी महिन्याभरात जिना न खोकता चढू लागली. अगरबत्ती देवघराचे दार लोटून, डासांची कॉइल पूर्ण बंद, फिरणे सकाळी ऊन चढण्याआधी. कुत्र्याला घाम माणसासारखा येत नाही. जीभ बाहेर काढून धापणे हाच त्याचा पंखा, आणि नळी अरुंद असली की तो पंखाच अडतो. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये विशेष जपावे.

वर्षभर आकडा १८ ते २० राहिला. २०२४ च्या दिवाळीनंतर तो २४ झाला, मग २६, मग २८. खोकला वाढला नव्हता, चिंगी जेवत होती. पण सासूबाईंनी कालनिर्णय खिळ्यावरून काढून थेट दवाखान्यात नेले. नवा एक्स-रे : ११.६. हृदय मोठे झाले होते, फुप्फुसात पाणी अजून नव्हते. नेमक्या याच टप्प्यावर उपयोगी पडणारे औषध म्हणजे पिमोबेंडान. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ३६० कुत्र्यांवरच्या अभ्यासात, हृदय मोठे झालेल्या पण त्रास सुरू न झालेल्या कुत्र्यांत या औषधाने हृदय थकून फुप्फुसात पाणी होण्याची वेळ सरासरी सव्वा वर्षाने पुढे ढकलली गेली. हृदय मोठे झालेले नसताना ते देण्यात अर्थ नसतो, म्हणूनच पहिल्या वर्षी दिले नव्हते. गोळी दोन वेळा, जेवणाआधी सुमारे तासभर.

पुढे पाणी झालेच तर लघवी वाढवणारे फ्युरोसेमाइड आणि आणखी एक-दोन औषधे लागतात. त्या गोळीने कुत्रे भरपूर पाणी पिते आणि घरात ओले करते. म्हणून कोणी पाण्याचे भांडे उचलून ठेवू नये. त्याने मूत्रपिंडावर ताण येतो. पापड, फरसाण, लोणच्याचा खार हे अशा कुत्र्याला वर्ज्य. गोळी मनाने वाढवू वा बंद करू नये. आणि घरातले माणसांचे औषध तर मुळीच देऊ नये. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, नाक मोकळे करणारी सर्दीची औषधे कुत्र्याला विषासारखी ठरू शकतात. बिनसाखरेच्या काही सिरपांत झायलिटॉल असते, तेही घातक.

उशीर कधी करू नये?

जीभ किंवा हिरड्या निळसर, राखाडी वा पांढऱ्या पडल्या. कुत्रे मान ताणून, कोपरे बाहेर काढून बसले आणि आडवे व्हायला तयार नाही. थंड जागी स्वस्थ बसूनही तोंड उघडे टाकून श्वास घेते. भोवळ येऊन पडले. तोंडातून फेस आला. यांतले काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. तोंडात पाणी ओतू नका, उताणे धरू नका, भोवती गर्दी करू नका. खिडक्या उघडून, हळू आवाजात बोलत न्या. रात्री उघडा असणारा दवाखाना कोणता, हे आजच विचारून दारामागे लिहून ठेवा.

एक गोष्ट डॉक्टरांनी सासूबाईंना सरळ सांगितली. गोळ्यांनी गळकी झडप दुरुस्त होत नाही. मिळते ते बऱ्या श्वासाचे काही महिने, दैव चांगले तर वर्षे. सासूबाईंनी विचारले, ‘आणि ते महिने संपले, हे कळायचं कसं?’ ते म्हणाले, ‘औषध पुरेसं देऊनही झोप लागेनाशी झाली, खाण्याकडे पाठ फिरवली, तुम्हाला बघून शेपटी हलेनाशी झाली, की माझ्याकडे या. आपण बोलू.’ परतताना रिक्षात त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘खरं सांगितलं ते बरं झालं. निदान तोवर काय बघायचं ते कळलं.’

२०२५ च्या उन्हाळ्यात चिंगीने बारा वर्षे पूर्ण केली. तुमच्याही घरी असे एखादे म्हातारे पोर असेल, तर आज रात्री ते झोपल्यावर अर्धा मिनिट त्याच्याजवळ बसा आणि श्वास मोजून आकडा लिहून ठेवा. ते बरे असतानाचा आकडा हाती असेल, तरच बिघडलेला आकडा वेळीच ओळखता येईल.