घरीच ब्रेक कॅलिपर रंगवताय? आधी हे ऐका

औशाहून बोलतोय. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा एकच प्रश्न: "दादा, गाडीचे कॅलिपर लाल करायचेत, घरी जमतं का?" जमतं. पण रंग कुठं लावायचा यापेक्षा कुठं लावायचा नाही, हे जास्त महत्त्वाचं.

आधी कॅलिपर म्हणजे काय ते बघू. अलॉय व्हीलच्या फटीतून चकचकीत तबकडी दिसते ना, ती डिस्क. तिला चिमट्यासारखा धरून बसलेला भाग म्हणजे कॅलिपर. पेडल दाबलं की ब्रेक ऑइल आतल्या पिस्टनला ढकलतं, पिस्टन पॅडला ढकलतो आणि पॅड डिस्कवर घासतात. गाडीचा वेग असा उष्णतेत जिरतो. म्हणून खिडकीचा उरलेला ऑइल पेंट इथं चालत नाही. तापला की तो करपतो, पापुद्रे निघतात. डब्यावर 'कॅलिपर पेंट' लिहिलेलं बघा आणि तो किती अंश सहन करतो तेही वाचा.

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना मागं ड्रम ब्रेक असतात, म्हणजे काम पुढच्या दोनच चाकांचं. आणि एक गैरसमज काढून टाका. इटलीत १९६१ साली सुरू झालेल्या ब्रेम्बोचा कारखाना पुण्यात आहे, त्यांचे लाल कॅलिपर सगळ्यांना आवडतात. पण ते भारी थांबतात ते डिझाइनमुळं. आमच्या भाषेत सांगायचं तर रंग हा फ्रंटएंड, ब्रेक हा बॅकएंड. रंगानं गंजापासून थोडं संरक्षण मिळतं, बस्स.

आता काम. गाडी सिमेंटवर घ्या. आपल्या काळ्या मातीत जॅक खचतो. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. नुसत्या जॅकवर भरवसा नको, खाली स्टँड हवाच.

चाक काढलं की आधी नीट बघा. पिस्टनच्या रबराजवळ ओलसर दिसतंय? ऑइल गळतंय. रंगाचा डबा बाजूला ठेवा, मिस्त्रीला गाठा. कोरडं असेल तर तोंडाला मास्क लावा आणि तारेच्या ब्रशनं गंज काढा. पण तारेचा ब्रश रबराला लावू नका. मग ब्रेक क्लीनरनं पुसा. धूळ फुंकू नका, ती छातीत जाते.

मग टेप. डिस्क, पॅड, पिस्टनचं रबर, सरकणाऱ्या पिनांची रबरं, ऑइलचा पाइप आणि हवा काढायचा निपल, हे सगळं झाका. पॅड किंवा पिना रंगानं चिकटल्या तर ब्रेक सुटत नाही, डिस्क तापते, गाडी एका बाजूला ओढते. तुळजापूरचा घाट उतरताना हे परवडणारं नाही.

मी स्प्रेपेक्षा ब्रश वापरतो, उडत नाही. दोन-तीन पातळ हात द्या. आपल्याकडच्या उन्हाळ्यात सकाळी सावलीत करा. दुपारी रंग ब्रशवरच वाळतो. डब्यावर सांगितलाय तेवढा वेळ वाळू द्या.

सगळा टेप काढला का, मोजून बघा. डिस्कवर थेंब असेल तर क्लीनरनं पुसा. चाक बसवा, गाडी खाली घ्या, नट समोरासमोरचे असे आवळा. निघायच्या आधी पेडल चार-पाच वेळा दाबा. घट्ट लागलं पाहिजे. मग मोकळ्या मैदानात हळू चालवून ब्रेक मारा. पेडल खोल गेलं तर गाडी तिथंच उभी करा. थोडं फिरून आलात की नट परत एकदा तपासा.

काही अडलं तर व्हॉइस नोट टाका. आणि रंग कोणता निवडला, तेही कळवा!