जमिनीचा करार वाचायचा कुणी?

सातबाऱ्यावर नाव चुकलं तर आपण तलाठ्याकडे चार खेपा मारतो. मग सरकार लाखो एकर जमीन एखाद्या कंपनीला पन्नास-शंभर वर्षांसाठी देतं, तेव्हा तो करार तिथल्या लोकांना वाचायला मिळायला नको का?

मादागास्करचं उदाहरण घ्या. नोव्हेंबर 2008 मध्ये बातमी फुटली की दक्षिण कोरियाची देवू लॉजिस्टिक्स कंपनी तिथे 13 लाख हेक्टर जमीन 99 वर्षांसाठी घेणार आहे. देशातली जवळपास निम्मी लागवडीयोग्य जमीन! लोकांना ही खबर परदेशी वर्तमानपत्रातून कळली. आधीच तापलेल्या वातावरणात हा राग मिसळला, मार्च 2009 मध्ये राष्ट्राध्यक्ष रावालोमानाना यांना पायउतार व्हावं लागलं आणि नव्या सत्ताधाऱ्यांनी तो सौदा रद्द केला.

इथिओपियाचा किस्सा आपल्या जास्त जवळचा, कारण त्यातली कंपनी बंगळुरूची. गुलाबाची फुलं विकणाऱ्या करुतुरी ग्लोबलने 2010 मध्ये गाम्बेला भागात 1 लाख हेक्टर, म्हणजे साधारण अडीच लाख एकर जमीन 50 वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतली. इथिओपियाच्या सरकारने असे बरेच करार पुढे संकेतस्थळावर टाकले, आणि हे मात्र त्यांनी चांगलं केलं. कारण त्यामुळेच कळलं की भाडं हेक्टरी वर्षाला फक्त 20 बिर्र होतं, तेव्हाच्या हिशेबाने पन्नास-पंचावन्न रुपये. आमच्याकडे तेवढ्यात एक दिवसाची मजुरीही सुटत नव्हती. शिवाय जमीन मोकळी करून द्यायची ती सरकारने, आणि कंपनीला संरक्षण पुरवायचं तेही सरकारने, फुकट. आता "मोकळी" म्हणजे काय? त्या भागात अनुआक आणि नुएर लोक पिढ्यान् पिढ्या राहतात, गुरं चारतात, मासे धरतात. कागदावर त्यांचा हक्क लिहिलेला नव्हता, म्हणून जमीन रिकामी मानली गेली. 2015 च्या शेवटी सरकारने हा करार मोडला. लागवड अगदी थोड्या जमिनीवर झाली होती.

पण नुसतं प्रसिद्ध करणं पुरत नाही, हेही यातून दिसतं. सह्या झाल्यावर करार बाहेर आला तर लोक चिडू शकतात, अट बदलू शकत नाहीत. शिवाय इंग्रजी करार संकेतस्थळावर टाकला, तर गुराख्याने तो वाचायचा कसा? लायबेरियाने 2009 च्या कायद्याने खाणींबरोबर जंगल आणि शेतीचे करारही खुले केले. त्याच वर्षी तिथे पाम तेलासाठी सिमे डार्बी कंपनीशी 63 वर्षांचा करार झाला. कायदा होता, तरी आपली शेतं गेली अशी गावकऱ्यांची तक्रार पुढे आलीच.

"व्यापारी गुपित आहे" हे उत्तर कंपन्या आणि अधिकारी नेहमी देतात. रोपाची जात किंवा यंत्राची रचना गुपित असेल, मान्य. पण भाडं किती, मुदत किती, पाणी कुणाचं, ही गुपितं कशी? (मोहल्ल्यातल्या वक्फच्या दुकानांचं भाडं विचारलं की काही मुतवल्ली असेच गप्प होतात, ते आठवलं.)

आपल्याकडे 2005 च्या माहिती अधिकार कायद्यातही कलम 8(1)(ड) हेच गुपित मान्य करतं, पण व्यापक जनहित असेल तर माहिती द्यावी असंही त्याच कलमात आहे. अर्जाची फी दहा रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. अर्जात "सर्व माहिती द्या" असं मोघम लिहू नका. कराराची प्रत, नकाशा आणि भाडं भरल्याच्या पावत्या, अशी नावं घेऊन मागा.