दुसऱ्या खोलीपर्यंत इंटरनेट : तारेला पीळ कशासाठी?

अहमदनगर शहराला (२०२४ पासून अहिल्यानगर) निजामशाहीच्या काळात लांबच्या विहिरींचे पाणी खापरी नळांनी आणले होते. पाणी वेशीपर्यंत आणणे हा एक प्रश्न आणि तेथून एकेका हौदापर्यंत पोचवणे हा दुसरा. घरातल्या इंटरनेटचेही काहीसे तसेच आहे. काचतंतूची केबल कित्येक किलोमीटर अंतर तोडून बाहेरच्या खोलीत बिनबोभाट येते. अडते ते शेवटच्या दहा-पंधरा मीटरवर. मधल्या भिंतीपलीकडे बारावीची मुलगी अभ्यासाला बसलेली असते किंवा शिक्षकांचे ऑनलाइन प्रशिक्षण चाललेले असते, आणि नेमके तेथेच चित्र थांबते, आवाज तुटतो. त्यातून घर भाड्याचे असेल, तर भिंतीला भोक पाडायची सोय नाही. या अडचणीमागचे विज्ञान आधी समजून घेऊ, म्हणजे उपाय आपोआप सुचेल.

वाय-फाय म्हणजे रेडिओतरंग. त्यांची वारंवारिता साधारण २.४ किंवा ५ गिगाहर्ट्झ असते. प्रकाशाच्या वेगाला वारंवारितेने भागले की तरंगलांबी मिळते : २.४ गिगाहर्ट्झसाठी १२.५ सेंटिमीटर आणि ५ गिगाहर्ट्झसाठी ६ सेंटिमीटर. हे तरंग भिंतीवर आदळले की काही भाग परावर्तित होतो, काही भिंतीत शोषला जातो आणि उरलेला पलीकडे जातो. जुन्या वाड्यांच्या दगड-मातीच्या जाड भिंतीतून फारच थोडा भाग पार होतो. भिंत ओली असेल तर आणखी कमी, कारण पाणी हे तरंग शोषून घेते. दोन्हींपैकी ५ गिगाहर्ट्झचे तरंग सहसा अधिक क्षीण होतात. शिवाय येथे बेरीज नसून गुणाकार चालतो. समजा, एका भिंतीतून दहावा हिस्सा पार होत असेल, तर तशाच दोन भिंतींपलीकडे शंभरावा हिस्साच उरेल.

तार मात्र भिंत ओलांडून जात नाही. ती दारातून जाते. म्हणून खात्रीचा मार्ग तारेचाच.

संगणकाच्या जाळ्यासाठी वापरली जाणारी तार कापून पाहिली, तर आत आठ बारीक तारा दिसतील. दोन-दोन तारांना एकमेकींभोवती पीळ देऊन चार जोड्या केलेल्या असतात. हा पीळ दोरखंडासारखा मजबुतीसाठी दिलेला नाही. टेलिफोनच्या आरंभीच्या काळात शेजारच्या तारांमुळे संभाषणात खरखर येत असे. त्यावरचा उपाय म्हणून अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ मध्ये पिळाच्या तारजोडीचे पेटंट घेतले. तीच युक्ती आज आपल्या घरात आहे.

ती चालते कशी? दोन समांतर तारांमध्ये एक लांबट पोकळी असते. जवळून बदलते चुंबकीय क्षेत्र गेले, की फॅरडेच्या नियमानुसार तेथे विद्युतदाब प्रेरित होतो. हाच गोंगाट. पीळ दिला की त्या मोठ्या पोकळीची जागा अनेक चिमुकल्या पोकळ्या घेतात आणि लागोपाठच्या दोन पोकळ्यांत प्रेरित दाब परस्परविरुद्ध दिशांनी असतात. ते एकमेकांना खोडून टाकतात. शिवाय दोन्ही तारा गोंगाटाच्या उगमापासून सरासरी सारख्याच अंतरावर राहतात. संदेश वाचला जातो तो दोन तारांमधल्या दाबाच्या फरकावरून. दोन्हींत सारखाच शिरलेला गोंगाट वजाबाकीत निघून जातो. चारही जोड्यांचा पीळ वेगवेगळा ठेवतात, तो एका जोडीतला संदेश दुसरीत झिरपू नये म्हणून.

वर्गात करून पाहा : सुमारे दहा मीटर बारीक आवरणयुक्त तारेची ५० वेढ्यांची गुंडाळी करून तिची टोके गॅल्व्हानोमीटरला जोडा. गुंडाळीत चुंबक झटकन आत-बाहेर करा, काटा हलेल. आता तेवढीच तार मधोमध दुमडा, दोन्ही अर्धांना एकमेकांभोवती पीळ द्या आणि पुन्हा गुंडाळी करा. मोकळी टोके गॅल्व्हानोमीटरला जोडून चुंबक तसाच हलवा. काटा जवळजवळ स्थिर राहील. तार तीच, चुंबक तोच. फरक फक्त रचनेचा.

आता भाड्याच्या घराकडे वळू. बाहेरच्या खोलीतल्या राउटरपासून तार जमिनीलगत, भिंतीच्या कडेने न्यावी आणि दाराच्या चौकटीवरून किंवा झरोक्यातून आत घ्यावी. दाराखालून न्यायची असेल तर चपटी तार मिळते. खिळ्यांऐवजी सहज निघणाऱ्या चिकट पकडी वापरल्या, तर घर सोडताना सारे उतरवून नेता येते. अंतराची चिंता नको. या पद्धतीत १०० मीटरपर्यंत तार चालते. संदेश तारेतून प्रकाशाच्या सुमारे दोन तृतीयांश वेगाने जातो, म्हणजे २० मीटरला लागतो अवघा एक दशलक्षांश सेकंदाचा दहावा भाग.

एक मोह मात्र कटाक्षाने टाळावा. भिंतीत विजेच्या तारांची नळी आयतीच असते. त्यातूनच ही तार ओढावी असे वाटते. तसे करू नये. आवरण कोठे खरचटले, तर २३० व्होल्टचा दाब थेट संगणकावर आणि त्याला हात लावणाऱ्या मुलावर येऊ शकतो. विजेची तार ओलांडावीच लागली, तर अंतर राखून काटकोनात ओलांडावी. समांतर नेऊ नये. अंगणापलीकडच्या खोलीसाठी उघड्यावरून तांब्याची तार नेणेही टाळावे. वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली, तर त्या तारेत मोठा दाब प्रेरित होतो. तेथे काचतंतू बरा. काच विद्युतवाहक नाही. मात्र त्याला तीव्र वळण चालत नाही, कारण तेथून प्रकाश बाहेर निसटतो.

तार घेताना टोक चाकूने खरवडून पाहावे. वरचा तांबूस थर जाऊन आत पांढरा धातू दिसला, तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार आहे. ॲल्युमिनियमची रोधकता तांब्याच्या दीडपटीहून अधिक असते आणि अशी तार लवकर तुटते. टोकाला जोडणी बसवताना जोड्यांचा पीळ १३ मिलिमीटरहून अधिक उलगडू नये. जोडणीनंतर वेग १००० ऐवजी १०० मेगाबिटच दिसला, तर आधी आठही तारा तपासा. शंभराला दोन जोड्या पुरतात, हजाराला चारही लागतात.

विद्यार्थ्यांना एक प्रश्न द्यावा : चारही जोड्यांचा पीळ अगदी सारखा ठेवला, तर काय होईल? फॅरडेचा नियम पाठ असलेल्या मुलांपैकी तो कोणाला खरोखर कळला आहे, ते उत्तरावरून लगेच दिसेल.